नवे यंत्र, जुना पडदा

नव्या गेम कन्सोलला टीव्हीही नवाच हवा, असा एक समज हल्ली रूढ झाला आहे. मला तो मान्य नाही. चतुर्थीला धारगळच्या घरी जमणारी आमची मुले ज्या टीव्हीवर खेळतात, तो मोडीत काढण्याचा आग्रह घरात चालू आहे. म्हणून हे लिहिणे.

२०१७ साली आलेल्या ‘एक्सबॉक्स वन एक्स’चा डंका वाजला तो ‘फोर-के’ पडद्यासाठी. त्या पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके, जुन्या ‘फुल एचडी’वर अवघे २१ लाख. परंतु जुना टीव्ही जोडला तरी पुष्कळ खेळांत हे यंत्र चित्र मोठेच रेखाटते, आणि चार ठिपक्यांची सरासरी काढून एक पाठवते. पूर्वी वृत्तपत्रांचे चित्रकार चित्र मोठे काढीत नि ब्लॉक लहान करवून घेत, तसेच हे! रेघा नितळ उतरतात; तारांच्या, झावळ्यांच्या कडा करवतीसारख्या दिसत नाहीत. २०२०च्या ‘सिरीज एक्स’चीही रीत हीच.

रंगांची नवी झळाळी जुन्या पडद्यावर यायची नाही, हे खरे. पण तेवढ्यासाठी चालता टीव्ही अडगळीत टाकणे ही निव्वळ उधळपट्टी. आधी यंत्र आणावे, मुलांना चार महिने खेळू द्यावे. टीव्हीचे मग पाहू.