बंदिवासातील वार्धक्य

न्यायालय बंदिवासाची शिक्षा देते, औषधावाचून मरण्याची नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये ‘एस्टेल विरुद्ध गॅम्बल’ या खटल्यात, बंद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष घटनेचा भंग ठरविले. तरीही तेथील कृष्णवर्णीय वृद्ध बंद्यांची अवस्था आम्हांस अस्वस्थ करते.

त्या देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे 13 टक्के. तुरुंगांत मात्र जवळजवळ एकतृतीयांश. जन्मठेप भोगणाऱ्यांत त्यांचे प्रमाण याहूनही अधिक. साहजिकच तुरुंगात म्हातारे होणाऱ्यांतही. दारिद्र्य आणि अपुरे उपचार यांचे ओझे घेऊनच ते आत जातात. बंदिवासात शरीर लवकर थकते, म्हणून तेथील अभ्यासक पन्नास-पंचावन्नाव्या वर्षीच बंद्याला वृद्ध मानतात. अनेक राज्यांत वैद्यकीय तपासणीसाठी बंद्यालाच शुल्क भरावे लागते, आणि त्याच्या तासाभराच्या श्रमाचे मोल असते काही सेंट.

लुईझियानातील अँगोला तुरुंग गुलामांच्या जुन्या मळ्यावर उभा आहे. ब्लॅक पँथर हर्मन वॉलेस यांनी त्या राज्यात चार दशकांहून अधिक काळ एकांतकोठडी सोसली. जून 2013 मध्ये यकृताच्या कर्करोगाचे निदान झाले. न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केल्यावर 1 ऑक्टोबरला ते सुटले आणि 4 ऑक्टोबरला, वयाच्या 71 व्या वर्षी वारले.

हे दुःख आपल्याला परके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 मध्ये ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. 1972 मध्ये ब्लॅक पँथरच्या प्रेरणेने मुंबईत दलित पँथर उभी राहिली. वर्ण आणि जात एक नव्हेत. परंतु जन्मावरून माणसाचे मोल ठरविण्याची वृत्ती एकच. तुरुंगात जातीवरून कामे वाटणे घटनाबाह्य असल्याचे आपल्या सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 रोजी सांगावे लागले!

‘गुन्हेगारांची एवढी चिंता कशाला?’ असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच: शिक्षेची मर्यादा न्यायालयाने ठरवावी, आजाराने नव्हे. अमेरिकेत बंद्यांच्या मृत्यूंची वर्णनिहाय मोजणी झाली, म्हणूनच तेथील विषमतेवर वाद तरी घालता आला. आपल्याकडेही वृद्ध बंद्यांचे आजार आणि मृत्यू सामाजिक प्रवर्गनिहाय नोंदवून प्रसिद्ध व्हावेत, अशी आमची मागणी आहे. या शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडून डॉक्टर, परिचारिका, वकील झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ती उचलून धरावी. जे मोजले जात नाही, त्याबद्दल कोणीही उत्तरदायी राहत नाही.