सगळ्यांना एकच 'पार' कशाला?

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला गावकरी आजही 'गोल्फ क्लब' म्हणतात. सकाळी तिथे लोक येतात ते मात्र चालायला, आणि अनेकांचे लक्ष्य एकच असते: दहा हजार पावले. वय तिशीचे असो वा सत्तरीचे.

या चालणाऱ्यांनी गोल्फकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. एखादा टप्पा तरबेज खेळाडूने किती फटक्यांत पुरा करावा, त्या आकड्याला 'पार' म्हणतात. टोपलीत तबकडी टाकण्याच्या डिस्क गोल्फमध्ये तर खेळाडूंचे कौशल्यानुसार सोनेरी, निळा, पांढरा, लाल असे स्तर मानतात. सोनेरी स्तरासाठी जिथे पार तीन, तिथे लाल स्तरासाठी तो चार असू शकतो. ही नवख्यावर केलेली मेहरबानी नव्हे. त्याच्याकडून काय अपेक्षा रास्त आहे, याचे ते मोजमाप आहे.

दहा हजारांचा आकडा मात्र असा मोजून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकाचे नावच 'दहा हजार पावलांचा मापक' असे होते. तिथून तो रूढ झाला. सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ अमेरिकी महिलांच्या २०१९ मधील अभ्यासात रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्के कमी आढळले. साडेसात हजारांनंतर त्यात फारशी घट दिसली नाही. पंधरा अभ्यासांच्या २०२२ मधील एकत्रित विश्लेषणातही साठीपुढच्यांसाठी ही मर्यादा सहा ते आठ हजार, तर साठीच्या आतल्यांसाठी आठ ते दहा हजार निघाली.

म्हणजे साडेचार हजार पावले चालून आलेल्या आजी नापास नाहीत. पण घड्याळ त्यांना रोज 'लक्ष्य अपुरे' असे दाखवते. मग काही जण दुखरे गुडघे रेटतात, तर काही चालणेच सोडून देतात. नुकसान दोन्हीकडे आहे.

लक्ष्य कमी केले की आळस वाढेल, ही शंका रास्त आहे. पण पार कायमचा नसतो. आधी आठवडाभराची आपली सरासरी काढावी, त्यात थोडी भर घालावी आणि ती अंगवळणी पडली की आकडा पुढे न्यावा. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका वेग बहुतेकांना पुरतो. हृदयविकार किंवा सांधेदुखी असणाऱ्यांनी आपला आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

मैदान सर्वांचे एकच असले, तरी पार ज्याचा त्याचा असावा.