रुग्णालयाची सफाई हे ‘मुख्य काम’ नव्हे काय?

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बालके होती. महाराष्ट्र हादरला. मग पाहणीला आलेल्या एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावले. त्याची दृश्ये घराघरांत पोहोचली आणि ॲट्रॉसिटी कायद्यान्वये गुन्हाही दाखल झाला. त्या अपमानाचा निषेध झाला, तो व्हायलाच हवा होता. पण दोन प्रश्न तेव्हा कोणी विचारले नाहीत. संडास साफ करणे हा डॉक्टरचा एवढा मोठा अपमान असेल, तर तेच काम जो रोज करतो त्याला या समाजात काय स्थान आहे? आणि तो संडास साफ करणारा माणूस त्या दिवशी रुग्णालयात का नव्हता?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या वाचकांना सांगायला नको. झाडू कोणाच्या हाती असतो, मृतदेह कोण उचलतो, रक्ताने माखलेल्या चादरी कोण गोळा करतो, हे कोणत्याही सिव्हिल हॉस्पिटलात तासभर उभे राहिले तरी कळते. डॉक्टरच्या खुर्चीसाठी गुणवत्तेच्या नावाने गळा काढणारे या कामात आरक्षण मागायला कधी आले नाहीत. येथे शंभर टक्के ‘आरक्षण’ आहे आणि त्याला कोणाची हरकत नाही!

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रिक्त पदांत आहे. चतुर्थ श्रेणीचा कर्मचारी निवृत्त होतो, त्याची जागा भरली जात नाही. वर्षे जातात, रुग्ण वाढतात, मग एक दिवस निविदा निघते आणि ठेकेदार येतो. ज्या वॉर्डात काल कायम नोकरीतील मावशी होती, तेथे आज तिचीच भाची ठेक्यावर उभी असते. काम तेच, पगार मात्र निम्म्याहून कमी, तोही वेळेवर नाही. भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, पण भरला की नाही हे कळत नाही. ठेका बदलला की दहा वर्षांची नोकरी शून्यावर येते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा हक्क दिला. पण कायम पदच उरले नाही, तर वारसा कशाचा?

याहून गंभीर गोष्ट कायद्यातच लिहून ठेवली आहे. १९७० च्या ठेका कामगार कायद्यात कायम स्वरूपाच्या कामातून ठेका हटवण्याची तरतूद होती. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. ही संहिता म्हणते की, मुख्य कामात ठेका कामगार लावू नयेत. ऐकायला बरे वाटते. परंतु मुख्य काम म्हणजे काय हे सांगताना झाडणे, पुसणे, कचरा गोळा करणे ही कामे त्यातून वगळली आहेत, आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झाली असेल तेवढाच काय तो अपवाद. म्हणजे रुग्णालयात सफाई हे मुख्य काम नाही! प्रसूतिगृहातील फरशी, शस्त्रक्रियागृहातील रक्त, अतिदक्षता विभागातील कचरा, हे सगळे बिनमहत्त्वाचे! जंतुसंसर्गाने बाळ दगावले की हे मुख्य काम होते की नव्हते, हे त्या बाळाच्या आईला विचारा.

जो दुसऱ्याला आजारापासून वाचवतो, त्याच्या आरोग्याचे काय? २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस देणे, हातमोजे-बूट पुरवणे, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी व प्रशिक्षण करणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. सुई टोचल्याची नोंदही ठेवावी लागते. आपल्या गावच्या रुग्णालयातील ठेक्यावरच्या मामांना विचारा, लस कधी घेतली? शेवटची तपासणी कधी झाली? रुग्णालय ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार रुग्णालयाकडे. सुई मात्र मामांनाच टोचते. २०२० मध्ये याच माणसांसाठी टाळ्या-थाळ्या वाजल्या. टाळ्यांनी घर चालत नाही.

परिचारिकांची स्थिती फार वेगळी नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकाऊ रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. प्रत्यक्षात रात्रपाळीला एकीच्या भरवशावर अख्खा वॉर्ड असतो. मे २०२२ मध्ये ठेकेदारी भरतीविरुद्ध परिचारिकांना संपावर जावे लागले. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाला आग लागून ११ रुग्ण मृत्युमुखी पडले, तेव्हा अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी महिलेला आणि तीन परिचारिकांना. दोष ठरवताना नजर खाली वळते, पदे भरताना ती कोठे असते?

यात चळवळीने ओळखावा असा डाव आहे. सरकारी भरतीला बिंदुनामावली लागते, ठेकेदाराच्या हजेरीपटाला ती लागत नाही. संविधानाच्या कलम १६(४) ला हात न लावता आरक्षण संपवण्याचा हा मार्ग आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. तरुणांच्या रोषापुढे ऑक्टोबरमध्येच तो रद्द करावा लागला. लढले की हटतात, हे तेव्हा दिसले.

कायम केलेला कामगार काम करत नाही, असे सांगितले जाते. मग तो नियम डॉक्टरला, अधिकाऱ्याला, सचिवाला का नाही? अनुभव तर असे सांगतो की, ज्याला उद्याची खात्री आहे तोच काम शिकतो आणि टिकतो. आठ महिन्यांनी सोडून जाणाऱ्या मुलाला कोणत्या पिशवीत काय टाकायचे हे शिकवून उपयोग काय? बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रीच्या बाळंतपणाच्या रजेचा पुरस्कार केला आणि १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून कामगाराच्या आरोग्याला सरकारची जबाबदारी मानले. आज त्याच स्त्रीची लेक ठेक्यात गरोदर राहिली, तर नोकरी राहील की नाही या धास्तीत असते.

न्यायालयांचे दरवाजे पूर्ण बंद नाहीत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मुंबई महापालिकेतील २,७०० कचरा वाहतूक कामगारांना न्याय मिळाला. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातील सफाई करणाऱ्या महिलांना कायम करण्याचा आदेश झाला. पण हे निकाल आपोआप आले नाहीत. त्यामागे संघटना होत्या, वर्षानुवर्षे जपलेली हजेरीची कागदपत्रे होती.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. रुग्णालयातील सफाई हे मुख्य काम आहे असे कायद्यात लिहा. रिक्त पदे बिंदुनामावलीनुसार भरा. ठेक्यावर असलेल्यांना आधी समान वेतन, लस आणि तपासणी द्या, मग कायम करा. आणि सफाई कामगाराच्या मुलीला झाडूचाच वारसा न देता तिच्या परिचारिका शिक्षणाची सोय करा.

चळवळीतील शिकलेल्या तरुणांनाही एक सांगणे आहे. जयंतीच्या मंडळातून निवडक पाच जणांनी जवळच्या रुग्णालयात जावे. माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात: मंजूर पदे किती, भरलेली किती, ठेक्यावरच्या किती जणांना लस दिली. उत्तर हाती आले की कामगारांसोबत बसावे. मामा आणि मावशी एकटे आहेत तोवरच ठेकेदाराचे राज्य आहे.