पाप त्यांचं, प्रायश्चित्त आमच्या माथी

आमच्या नाशकात पाप धुवायचा धंदा जुना आहे. रामकुंडात डुबकी मारा, भटजीच्या हातावर दक्षिणा ठेवा, झालात शुद्ध. ज्याचं वाटोळं केलं त्याच्या दारात जायची गरज नाही. १९३० साली काळारामाच्या दारात आमच्या आजा-पणज्यांनी दगड खाल्ले, ते या हिशेबाची वही कुणाच्या हातात, हे पुरतं ओळखूनच.

आता तीच वही कंपन्यांच्या हापिसात उघडलीय. नाव ठेवलंय कार्बन ऑफसेट.

भानगड समजून घ्या. १९९७ च्या क्योतो कराराने श्रीमंत देशांना धूर कमी करायला सांगितलं. २००५ पासून युरोपातल्या कारखान्यांवर मर्यादा आली. पळवाटही सोबतच आली. आपली चिमणी सुधारणं महाग पडतं ना? मग हिंदुस्थानातल्या, चीनमधल्या एखाद्या प्रकल्पाने ‘वाचवलेला’ धूर टनावर विकत घ्या. कारखानदारांनी उड्या मारल्या. चिमणी तीच, धूर तोच, कागदावर मात्र शेठ निर्मळ!

आणि ‘वाचवलेला’ म्हणजे काय? प्रकल्प झालाच नसता तर किती धूर निघाला असता, त्यातून आजचा वजा. जे घडलंच नाही त्याचं माप कोण घेणार? विकणारा. तपासणार कोण? विकणाऱ्याकडूनच फी घेणारा. २०१६ साली युरोपीय आयोगासाठी जर्मनीच्या ओको-इन्स्टिट्यूटने छाननी केली. ८५ टक्के प्रकल्पांत खरी जादा बचत झाली असण्याची शक्यता कमीच निघाली. २०२४ साली बर्कलीच्या संशोधकांनी सुधारित चुलींचे प्रकल्प तपासले, तर खऱ्या बचतीच्या नऊ-दहा पट क्रेडिटं वाटलेली. म्हणजे चुलीपुढं खोकणाऱ्या बाईच्या नावावरही यांनी खोटी बिलं फाडली.

शेजारच्या धुळे जिल्ह्यात या. साक्री तालुक्यात पवनचक्क्यांसाठी वनजमीन दिली गेली. ती कसणाऱ्या आदिवासींनी विरोध केला. वाऱ्याशी आमचं भांडण नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारा ‘अतिक्रमण करणारा’ आणि काल आलेली कंपनी ‘पर्यावरणाची मित्र’, हे कुठल्या मनूने ठरवलं?

मी कचरा वेचणाऱ्यांच्या वस्तीत वाढलो. माझ्या आईच्या पाठीवरच्या गोणीने आयुष्यभर कागद, पत्रा, प्लास्टिक परत कारखान्यात पोचवलं. तिच्या खात्यावर एक टन नाही. आणि दिल्लीत? ओखल्याचा कचरा जाळून वीज करायचा प्रकल्प २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेत ‘स्वच्छ विकास’ म्हणून नोंदला गेला. कचरावेचक ओरडत राहिले, आमचा माल भट्टीत घालताय, आम्ही खायचं काय? आजूबाजूचे रहिवासी धुराविरुद्ध कोर्टात गेले. म्हणजे भट्टीने जाळलं तर क्रेडिट, माझ्या आईने वाचवलं तर घाण. यांच्या फॉर्मात जातीचा रकाना नाही. लागतोय कशाला?

हा बाजार एकदा बसलाय. २००८ साली वीस युरोच्या घरातलं क्रेडिट २०१२ च्या अखेरीस एक युरोच्याही खाली आलं. दलाल दुसऱ्या धंद्याला लागले. आता गिऱ्हाईक परत येतंय. २०४० पर्यंत ९० टक्के धूर घटवायचं युरोपचं लक्ष्य. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या मंत्र्यांनी ठरवलं, त्यातले पाच टक्के २०३६ पासून बाहेरच्या देशांतल्या क्रेडिटांनी भागवता येतील. २०२७ पासून आंतरराष्ट्रीय विमान कंपन्यांनाही क्रेडिटं घेणं बंधनकारक होतंय. एवढी क्रेडिटं उगवणार कुठं? शेठच्या बंगल्याच्या गच्चीवर नक्कीच नाही.

आपल्याकडचे राज्यकर्तेही हेच गणित शिकलेत. त्याच नोव्हेंबरात सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातल्या सतराशेहून जास्त झाडांवर कुऱ्हाड यायची वेळ आली. लोक रस्त्यावर उतरले, तर उत्तर काय? दुसरीकडं हजारो लावू! सावली इथली जाणार, रोपटी तिथं. पाणी कोण घालणार, ते विचारू नका.

आपल्यातलेच काही शिकलेले म्हणतात, अरे, पण पैसा येतो ना गरिबाकडं! येऊ द्या. दोनशे वर्षं धूर सोडून ज्यांनी घरं भरली, त्यांनी पैसा दिलाच पाहिजे. पण ते देणं आहे, दक्षिणा नव्हे. देणं फेडताना पुन्हा धूर सोडायची पावती मागायची नसते. सावकाराने लुटलेलं परत केलं, म्हणून त्याला नव्या लुटीचा परवाना देतात का?

तेव्हा आपलं म्हणणं सरळ आहे. ज्याची चिमणी, त्यानेच ती आवरावी. ग्रामसभेच्या आणि वस्तीच्या होकाराशिवाय एक गुंठा जमीन नाही. कचऱ्यावर पहिला हक्क वेचणाऱ्याचा.

उद्या तुमच्या वस्तीत कुणी झाडांची रोपं, नव्या चुली आणि सह्यांचे कागद घेऊन येईल. चहा पाजा. मग विचारा, घेणारा कोण? टनाला भाव काय? त्यातले आमचे किती? आणि तो स्वतःचा धूर किती कमी करतोय? उत्तर मिळेपर्यंत अंगठा खिशात ठेवा.