आदिवासी रुग्ण आणि रुग्णालयातील कामगार : प्रश्न एकच

आदिवासी रुग्ण दवाखान्यात येत नाही, आला तर न सांगता निघून जातो, अशी तक्रार सरकारी यंत्रणा वर्षानुवर्षे करीत आली आहे. दोष अंधश्रद्धेवर आणि भगतावर टाकला की फाईल बंद होते. आम्हाला हे निदान मान्य नाही.

कोरकू, गोंडी किंवा संथाली बोलणारी बाई जिल्हा रुग्णालयात दाखल होते, तेव्हा तिची बोली समजणारे तिथे बहुधा कोणी नसते. कुठे दुखते ते तिला सांगता येत नाही, पोट का चिरायचे ते तिला कोणी समजावत नाही; कागदावर अंगठा मात्र घेतला जातो. सोबत आलेल्या नवऱ्याची मजुरी बुडते. त्याने जेवायचे कुठे, निजायचे कुठे, याचे उत्तर कोणाकडे नसते. चौथ्या दिवशी दोघे गावी परतली, तर नोंदवहीत ‘रुग्ण पळून गेला’ असा शेरा पडतो. रुग्ण पळाला, की त्याला टिकू दिले नाही?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात १० कोटींहून अधिक, म्हणजे ८.६ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ साली दिलेल्या अहवालानुसार आदिवासींचे सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षे, तर देशाचे ६७ वर्षे आहे. नियम कागदावर उदार आहेत. मैदानी भागात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर आदिवासी व डोंगराळ भागात २० हजारांमागे एक. पण इमारत म्हणजे आरोग्यसेवा नव्हे. इमारतीत माणूस लागतो, आणि नेमका तोच तिथे नसतो.

हा प्रश्न कामगार संघटनेचा होतो तो इथे. जागा रिक्त ठेवायच्या, भरल्याच तर ११ महिन्यांच्या करारावर भरायच्या, सफाई आणि कक्षसेवा ठेकेदाराकडे द्यायची, हे धोरण कामगाराला नाडते तसेच रुग्णालाही नाडते. गावची बोली आणि वाटा ओळखीच्या होतात न होतात तोच कंत्राटी परिचारिकेला करार संपण्याची चिंता लागते. पाड्यावरच्या आजाऱ्याला दवाखान्यापर्यंत आणणारी आशा आजही ‘स्वयंसेविका’ आहे. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, अशी शिफारस केली होती. आशा अद्याप मानधनावरच आहेत.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कामाचा बोजा ही तुच्छतेची सबब होऊ शकत नाही. आदिवासी रुग्णाला अरे-तुरे करणे, त्याच्या कपड्यांवरून बोलणे, त्याला शेवटी तपासणे, हे आपल्या सभासदाकडून घडले तरी संघटनेने त्याची पाठराखण करू नये.

दुसरा मार्ग आहे, आणि तो कामगारांनीच दाखवला आहे. छत्तीसगडमधील दल्ली राजहरा येथील खाणकामगारांनी, ज्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते, शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून १९८३ साली शहीद हॉस्पिटल उभे केले. १९७७ च्या गोळीबारात बळी पडलेल्या कामगारांच्या स्मृतीचे हे नाव. कामगारांनी रुग्णालय केवळ बांधले नाही, ते चालवण्यातही भाग घेतला. तामिळनाडूत निलगिरीतील गुडलूर येथे आदिवासी तरुणींनाच परिचारिकेचे शिक्षण देऊन रुग्णालय चालवले गेले. आपल्या बोलीत विचारपूस करणारी परिचारिका असली की रुग्ण टिकतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८९ चा १६९ क्रमांकाचा करार हेच म्हणतो : आदिवासी भागातील आरोग्यसेवेत स्थानिक लोकांना प्रशिक्षण आणि रोजगार देण्यास प्राधान्य असावे. भारताने १९५७ चा जुना १०७ क्रमांकाचा करार १९५८ साली स्वीकारला. १६९ वर मात्र अजून शिक्कामोर्तब केलेले नाही.

आमच्या मागण्या सरळ आहेत. पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रातील सर्व रिक्त आरोग्य पदे कायम स्वरूपात भरावीत आणि त्यांत स्थानिक आदिवासी युवक-युवतींना प्राधान्य द्यावे. प्रत्येक जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयात स्थानिक बोलीच्या दुभाष्याचे मंजूर पद असावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून बाळंतिणीला मोफत आहार आणि घरी परतण्यास वाहन देण्याची तरतूद आहे. ती प्रत्येक आदिवासी रुग्णाला लागू करावी. सोबत्याच्या जेवणाची, निवाऱ्याची आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई व्हावी. रुग्ण दगावला तर त्याचा देह गावापर्यंत सन्मानाने पोचवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असावी.

या मागण्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मागणीपत्रकात पगारवाढीच्या कलमाच्या शेजारी आल्या पाहिजेत, तळटीपेत नव्हे. उद्या रुग्णालयाच्या दारात संप झाला, तर आत खाटेवर असलेल्या आदिवासी रुग्णाला हा लढा आपलाही आहे असे वाटले पाहिजे. ते वाटावे असे काम आजपासून करणे आपल्या हाती आहे.