विश्लेषण : जुना मोबाइल विकावा कधी आणि कुठे? भावापेक्षा पावती महत्त्वाची का?

गणेशोत्सव ते दिवाळी हा मुंबईत नवा मोबाइल घेण्याचा हंगाम. नवा फोन घरात आला की जुन्याचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या रहिवाशांपुढे पर्याय भरपूर आहेत : ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, गल्लीतले मोबाइलचे दुकान, घरी येऊन फोन नेणाऱ्या कंपन्या, ऑनलाइन एक्स्चेंज. बहुतेक व्यवहार ‘भाव कुठे जास्त’ एवढ्याच प्रश्नावर उरकले जातात. फोन कुणाच्या हाती गेला आणि त्याचा पुरावा काय, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

विकण्याची योग्य वेळ कोणती?

जुन्या फोनची किंमत सतत उतरत असते, पण नवे मॉडेल बाजारात आले की ती एकदम खाली येते. अॅपलचे नवे आयफोन साधारणपणे सप्टेंबरमध्ये येतात, तर सॅमसंगची ‘एस’ मालिका वर्षाच्या सुरुवातीला. त्यानंतर आधीच्या मॉडेलची किंमत कमी केली जाते आणि एक्स्चेंजमध्ये आलेल्या जुन्या फोनचीही बाजारात गर्दी होते. त्यामुळे फोन बदलायचे नक्की असेल, तर नव्या मॉडेलच्या घोषणेआधी विकणे फायद्याचे. ‘असू दे, कधी तरी उपयोगी पडेल’ म्हणून कपाटात टाकलेल्या फोनचा भाव तर जातोच, पण पडून राहिल्याने त्याची बॅटरीही खराब होते.

फोन खरेच बदलायला हवा का?

फक्त बॅटरी लवकर उतरते म्हणून फोन विकण्याची घाई करू नये. आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या बॅटरीची क्षमता ५०० पूर्ण चार्जिंगनंतर सुमारे ८० टक्के राहते, तर आयफोन १५ पासून हा आकडा १,००० असल्याचे कंपनी सांगते. म्हणजे दोन-तीन वर्षांत बॅटरी थकणे स्वाभाविक आहे आणि ती बदलता येते. खरी कसोटी सुरक्षा अपडेटची. ते बंद झालेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे असते. गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलक्सी एस २४ पासून सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले आहे. स्वस्त फोनमध्ये ही मुदत बरीच कमी असते. अपडेट संपण्याच्या वर्षभर आधी फोन विकला, तर घेणाऱ्यालाही त्याचा उपयोग उरतो आणि भाव बरा मिळतो.

कुठे विकल्यास काय मिळते?

ओळखीच्या माणसाला किंवा थेट ग्राहकाला विकल्यास भाव सर्वाधिक मिळतो, पण जोखीमही तिथेच अधिक. ऑनलाइन जाहिरात पाहून फोन करणारा ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणाला, तर ती फसवणूक समजावी. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. घरी येऊन फोन नेणाऱ्या कंपन्या आणि एक्स्चेंज योजनांत भाव कमी मिळतो. अॅपवर दिसलेली रक्कमही प्रत्यक्ष तपासणीनंतर घटू शकते. मात्र व्यवहाराची नोंद राहते. लॅमिंग्टन रोडवर रोख पैसे लगेच हातात पडतात. तिथे दोन-तीन दुकानांत भाव विचारावा आणि पावती देणाऱ्यालाच फोन द्यावा.

पावतीचा एवढा आग्रह कशासाठी?

प्रत्येक मोबाइलला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. *#०६# डायल केल्यावर तो दिसतो. कोणत्या आयएमईआयच्या फोनमध्ये कोणते सिम होते, याची नोंद मोबाइल कंपन्यांकडे असते. विकलेला फोन पुढे एखाद्या गुन्ह्यात वापरला गेला, तर तपास आधीच्या सिमधारकापर्यंत पोहोचू शकतो. अशा वेळी तारीख, आयएमईआय आणि घेणाऱ्याची सही असलेला कागदच विकणाऱ्याच्या बाजूने बोलतो.

घेणाऱ्यालाही हाच धोका. गणेशोत्सवात लालबागच्या गर्दीत मोबाइल चोरीला गेल्याच्या तक्रारी दरवर्षी काळाचौकी पोलिसांकडे येतात आणि चोरीचे फोन जुन्या बाजारात शिरतात. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. हरवलेला फोन बंद करणारी ‘सीईआयआर’ यंत्रणा २०१९ मध्ये महाराष्ट्रात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. मे २०२३ पासून ती ‘संचार साथी’द्वारे देशभर उपलब्ध आहे. इंग्रजीत ‘केवायएम’ आणि पुढे आयएमईआय लिहून १४४२२ वर एसएमएस केल्यास फोन काळ्या यादीत आहे का, हे कळते. ऑक्टोबर २०२५ मधील नियमदुरुस्तीने जुन्या फोनचा व्यापार करणाऱ्यांवर अशी पडताळणी बंधनकारक केली आहे.

फोन देण्यापूर्वी काय करावे?

क्रम महत्त्वाचा. आधी फोटो, संपर्क आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप घ्यावा. बँक आणि यूपीआय अॅप नव्या फोनवर सुरू झाल्याची खात्री करावी. ई-सिम असल्यास ते नव्या फोनवर घ्यावे. मग गुगल किंवा अॅपल खात्यातून बाहेर पडून ‘फॅक्टरी रिसेट’ करावे. खाते न काढता रिसेट केल्यास फोन कुलूपबंद राहतो आणि घेणारा दोन दिवसांत पासवर्ड मागत परत येतो. तो पासवर्ड देणे म्हणजे घराची किल्ली देण्यासारखे आहे. शेवटी सिम आणि मेमरी कार्ड काढावे. फक्त फोटो ‘डिलीट’ करणे पुरेसे नाही.

फोन विकण्याजोगा नसेल तर?

स्क्रीन फुटून बंद पडलेल्या फोनमधील माहिती पुसता येत नाही. असा फोन शे-दोनशे रुपयांसाठी अनोळखी हाती देऊ नये. फुगलेली बॅटरी तर आग लावू शकते. ती कचऱ्याच्या डब्यात किंवा भंगारवाल्याकडे जाता कामा नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे कंपनीच्या सेवा केंद्रात चौकशी करावी.

व्यापाऱ्यांवर पडताळणीचे बंधन आले असले, तरी ग्राहक कागद मागत नाहीत तोवर बिनपावतीचा बाजार चालूच राहणार. भावातील दोन-तीनशे रुपयांचा फरक काही दिवसांत विसरला जातो. पोलीस ठाण्याची एक फेरी त्याहून महाग पडते.