गिटारचे पडदे कोणाच्या हाती द्यावेत?



शिलाई मशीनच्या दुरुस्तीवर लिहिले त्याला आता दोन महिने होऊन गेले, पण त्यावरची पत्रे अजून येतच आहेत. त्यातल्याच एका पत्रात एका भगिनीने विचारले आहे, "मशीनचं ठीक आहे हो, ते आपण रोज चालवतो. पण ज्या वस्तूतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, तिच्यासाठी कारागीर कसा निवडायचा?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तरादाखल आमच्या घरी नुकतेच घडलेले सांगते. वस्तू होती इलेक्ट्रिक गिटार. हसू नका, ऐका!

आमची धाकटी आठवीत आहे. तिला गिटारचे वेड लागले. जर्मनीला शिकायला निघालेल्या एका मुलाकडून जुनी यामाहा पॅसिफिका बारा हजारांना मिळाली. पैसे माझ्या शाळेतल्या अर्धवेळ नोकरीचे, म्हणजे ओढूनताणून बाजूला टाकलेले. नवी घ्यायची तर दुपटीहून जास्त पडली असती. पहिले चार-सहा आठवडे घरात नुसता आनंदीआनंद होता. मग हळूहळू खोलीचे दार बंद राहू लागले, आणि पुढे आतून आवाज येणेही कमी झाले. विचारले तर म्हणाली, "आई, मी तार दाबली की खरखरच येते. क्लासमधल्या मुलींची येत नाही. माझी बोटंच तशी आहेत."

हे वाक्य मला झोंबले. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा फळ्यावरचे सारखे चुकीचे उतरवून घ्यायचा. वर्षभर मी त्याला धांदरट म्हणत होते. पुढच्या वर्षी त्याला चष्मा लागला. त्यानंतर मुलाने "माझंच चुकतंय" म्हटले की मी आधी फळा आणि डोळे दोन्ही तपासते. तशी त्या रात्री टॉर्च घेऊन गिटार तपासायला बसले.

ज्यांनी गिटार जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. सतारीला पडदे असतात तशाच गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या बारीक पट्ट्या असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. आमच्या गिटारला असे बावीस आहेत. तार फ्रेटवर दाबली की तिची वाजणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. हे फ्रेट बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त. नावात चांदी असली तरी आत गुंजभरही नाही. वरच्या तारा पोलादी. पोलाद रोज घासले की खालचा मऊ धातू झिजणारच. टॉर्चच्या उजेडात पहिल्या चार-पाच फ्रेटवर, बारीक तारांच्या बरोबर खाली, लहान लहान खड्डे दिसले. जुन्या विहिरीच्या काठावर दोराने घळी पडतात ना, अगदी तशा. बोटांचा काही दोष नव्हता.

आता दुरुस्ती म्हणजे काय, तर जुने फ्रेट उपटून नवे बसवणे. ऐकायला सोपे. पण फ्रेटचा खालचा भाग दातेरी असतो आणि तो लाकडातल्या खाचेत घट्ट रुतलेला असतो. ओढाताण केली की खाचेच्या कडेचे लाकूड कपच्या होऊन निघते. नवे फ्रेट कानशीने एका पातळीत आणताना एखादा जास्त घासला गेला, तर घासलेला धातू परत येत नाही. शिंप्याने ब्लाउजपीसवर चुकीची कात्री चालवली तर जे होते तेच. म्हणूनच या कामात दरापेक्षा माणूस पाहायचा.

माझे माहेर मिरज. मे महिन्यात जाणे होणारच होते, म्हणून गिटार बरोबर घेतली. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांची कीर्ती तुम्हाला सांगायला नको. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. लहानपणी शाळेतून येताना भोपळे वाळत घातलेली ती दुकाने रोज पाहिलेली. मला वाटले, तारवाद्यात यांच्याहून मोठे कोण? आमच्या ओळखीच्या वयस्कर कारागिरांपुढे गिटार ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून मानेच्या रेषेत पाहिली, फ्रेटच्या टोकांवरून तळहात फिरवला आणि माझ्याकडे परत दिली.

"ताई, आमचे पडदे दोऱ्यानं बांधलेले. इकडेतिकडे झाला तर सरकवता येतो. हे लाकडात ठोकलेले. ह्याची हत्यारं माझ्याकडं न्हाईत, आणि तुमच्या लेकीच्या वाद्यावर मी शिकणार न्हाई."

मला क्षणभर वाईट वाटले. पण सतारीची जवारी लावण्यात ज्यांचे आयुष्य गेले ते एका साध्या गिटारला "नाही" म्हणतात, याचा अर्थ मला घरी परतताना गाडीत कळला. निघताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. जो माणूस वाद्य न वाजवून बघता दर सांगेल त्याच्याकडे ठेवू नका. आणि त्याने आधी केलेले काम मागा. ते डोळ्यांनी नव्हे, हाताने बघा.

पुण्याला आल्यावर शोध सुरू केला. पहिले एक मोठे, चकचकीत दुकान. काउंटरवरच्या गृहस्थांनी गिटारची पिशवीसुद्धा उघडली नाही. "सगळे बदलून देऊ, साडेतीन हजार, परवा घेऊन जा." मी विचारले, "काम कोण करणार?" म्हणाले, "आमचा माणूस आहे." कुठला माणूस, कुठे बसतो, ते काही सांगेनात. पुष्कळ दुकाने असे काम बाहेर देतात, त्यात वावगे नाही. पण ज्याच्या हाताने काम होणार त्याच्याशी दोन शब्द बोलता येत नसतील, तर आपण काय पाहून वस्तू सोडायची? शिवाय जुने फ्रेट काढणे, खाचा साफ करणे, बोटांखालची पट्टी सरळ करणे, नवे बसवणे, पातळी, गोलाई, चकाकी, टोके घासणे, एवढा सगळा पसारा परवापर्यंत उरकतो म्हणे! बाई बाई! मी पिशवी उचलली.

दुसरा होता मुलीच्या क्लासमधलाच एक तरुण. गोड मुलगा. व्हिडिओ पाहून पाहून शिकलेला, नुसत्या सामानाच्या पैशात करायला तयार. स्वतःची गिटार त्याने स्वतःच केली होती. ती मी हातात घेतली आणि मिरजेच्या शिकवणीप्रमाणे मानेच्या कडेवरून तळहात फिरवला. फ्रेटची टोके किसणीसारखी लागली. त्याला तसे बोलले नाही. मुलाचा उत्साह मारायचा नसतो. तारा बदलायचे आणि साफसफाईचे काम त्याला जरूर देईन. पण फ्रेट बदलायला त्याने आधी टाकाऊ मानेवर हात बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला ते सौम्य शब्दांत सांगितले, आणि तो रागावला नाही.

तिसरे कॅम्पातले. एका खोलीत काम करणारे, साठीचे गृहस्थ. मुलीच्या सरांनी पत्ता दिला. जिना अंधारा, पाटी नाही. त्यांनी गिटारला हात लावण्याआधी मुलीला म्हटले, "बेटा, तू वाजव. जिथं त्रास होतो तिथं थांब." ती वाजवत असताना ते तिच्या बोटांकडे पाहत होते, गिटारकडे नाही. मग म्हणाले, "बोटं ठीक आहेत."

माझे अर्धे काम तिथेच झाले होते, खरे म्हणजे.

मग त्यांनी तपासणी केली ती मी सविस्तर सांगते, कारण चांगला कारागीर ओळखायला तीच उपयोगी पडेल. पोलादी सरळपट्टी मानेवर ठेवली. गिटारच्या मानेच्या आत एक पोलादी सळई असते; ती थोडी फिरवली की मानेचा बाक कमीजास्त होतो. खरखर पुष्कळदा नुसत्या या बाकामुळे असते, पावसाळ्यात तर फारच. अशा वेळी फ्रेट बदलणे म्हणजे पडसे आले म्हणून नाक कापण्यासारखे. त्यांनी आधी बाक नीट केला आणि पुन्हा वाजवायला सांगितले. बारा-तेराव्या फ्रेटकडचा आवाज सुधारला, पहिल्या पाचाकडचा नाही. मग एक छोटी पोलादी पट्टी तीन-तीन फ्रेटवर ठेवून हलते का पाहिली. पट्टी डगमगली तर मधला फ्रेट उंच, असा हिशेब. शेवटी, तारा खुंट्यांकडे जाताना ज्या पट्टीच्या खाचांतून जातात ती पाहिली. तिला नट म्हणतात. तिच्या खाचा खोल झाल्या असतील तरी खरखर येते.

मग त्यांनी तीन वाटा सांगितल्या. खड्डे उथळ असते तर सगळे फ्रेट घासून सर्वांत खोल खड्ड्याच्या पातळीला आणता आले असते. ते सर्वांत स्वस्त. पण आधीच्या मालकाने एकदा तसे केलेले दिसत होते. फ्रेटचे माथे गोल असायला हवेत ते सपाट आणि बुटके झालेले. आता आणखी घासायला धातूच नाही. नुसते पहिले पाच बदलावेत, तर नव्या उंच फ्रेटना उरलेल्या बुटक्यांच्या पातळीला घासावे लागणार, म्हणजे नव्या साडीला जुन्या साडीच्या मापाने कापणे. राहिले सगळे बदलणे. खर्च आठ हजार, त्यात नवा नट धरून. दहा दिवस.

बारा हजारांच्या गिटारला आठ हजार! आमचे हे म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड झाला." त्यांचे अगदीच चूक नव्हते. मी तुम्हालाही सांगते, की चार-पाच हजारांची नवशिक्याची गिटार असेल तर या फंदात पडू नका. दोष सांगून विकून टाका आणि बरी घ्या. आमच्या गिटारचे लाकूड, मान, बाकी सगळे ठणठणीत होते, आणि बारा अधिक आठ वीस झाले तरी नव्यापेक्षा कमीच. शिवाय, खरे सांगू का, मुलीने "बोटं ठीक आहेत" हे ऐकले तेव्हाचा तिचा चेहरा मी पाहिला होता. तो हिशेब यांच्या वहीत कुठल्या रकान्यात मांडणार?

त्यांनी आधी केलेल्या दोन गिटारी दाखवल्या. टोके लोण्यासारखी. फ्रेट पोलादाचे बसवावेत का, असे मुलीने विचारले. ते फार टिकतात असे तिने कुठेसे वाचले होते. गृहस्थ हसले. "टिकतात, खरं आहे. पण कानस खातात, मजुरी वाढते. तुझ्या वापराला साधेच बस." स्वतःची कमाई कमी करणारा सल्ला देणाऱ्यावर माझा विश्वास पटकन बसतो. ही माझी जुनी खोड आहे, आणि आजवर एकदाच फसले आहे. (तो किस्सा पंख्याचा. पुन्हा कधीतरी.)

तरी विश्वासाला कागदाची जोड हवी. पावतीवर मी सगळे लिहून घेतले: कोणत्या धातूचे आणि कोणत्या मापाचे फ्रेट, नट धरून की वेगळा, पातळी आणि गोलाई त्यात आली की नाही, नव्या तारा कोणाच्या, आणि लाकडाची कपची निघाली तर ती भरून देणार का. गिटारचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. निम्मे पैसे आधी, निम्मे नंतर. त्यांना याचा राग आला नाही. ज्याला येतो त्याच्याकडे मी भांडेसुद्धा कल्हईला देणार नाही.

अकराव्या दिवशी आणायला गेलो. इथे घाई करू नका, दुकान बंद व्हायची वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी जा. सहा तारा आणि बावीस फ्रेट, म्हणजे एकशे बत्तीस जागा. आमच्या मुलीने सगळ्या एकेक करून वाजवल्या. गृहस्थ शांतपणे चहा पीत बसले होते, मी फ्रेट मोजत होते. वरच्या फ्रेटवर तार बोटाने बाजूला खेचून सूर चढवतात, तेही करून बघायचे. खरा दोष तिथेच सापडतो. पंधराव्या फ्रेटवर दुसरी तार खेचली की आवाज मध्येच गुदमरत होता. त्यांनी पुन्हा वाजवायला लावून ऐकले, पुढच्या फ्रेटवर कानशीचे दोन हलके हात फिरवले, पॉलिश केले, पुन्हा ऐकले. पाच मिनिटांत झाले. एकशे बत्तीस जागांतली ती एक आम्हाला घरी गेल्यावर सापडली असती, तर मुलीने ती पुन्हा स्वतःच्या बोटांच्या खात्यावर टाकली असती.

आता खोलीचे दार उघडे असते. मधूनमधून चुकते, तेव्हा "श्शी!" असा आवाज येतो आणि तोच तुकडा पुन्हा सुरू होतो. शेजारच्या आजी म्हणतात, जरा भजन शिकव तिला.

निघताना कारागिरांनी एक बजावले होते. काम पावसाळ्यात झाले आहे. लाकूड फुगलेले असते, थंडीत ते सुकून आक्रसते आणि फ्रेटची टोके बाहेर डोकावतात. "डिसेंबरात एकदा आणा, टोकं पुसून देईन, पैसे नकोत." कालनिर्णयच्या डिसेंबरच्या पानावर, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी, मी ते लिहून ठेवले आहे.